आईचे तीन दिवस

सेदेरपाताक, ७ सप्टेंबर २०१४

प्रिय शारिका,

पाकिटामागं माझं नाव घातलेलं नाही, ते मुद्दामच. नाव दिसलं असतं तर तू पत्र न फोडताच कुठल्यातरी खणात टाकलं असतंस. आता फोडलंच आहेस तर वाच.

कामाचं आधी सांगते. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपकारस्तुतीचा सण आहे, आणि प्रभुभोजनासाठी नव्या गव्हाचा पाव आणि द्राक्षारस द्यायची पाळी यंदा आपल्या घराकडे आली आहे. पाळकबाई देणाऱ्यांची नावं व्यासपीठावरून वाचतात, हे तुला आठवत असेल. आईच्या मागं आपण दोघी. एकीचंच नाव वाचलं तर चर्चमधली अख्खी मंडळी माना वळवून बघेल. दोघींची वाचली आणि तुला ते रुचलं नाही, तर तेही बरं नव्हे. म्हणून विचारते. हो की नाही, एवढंच कळव.

पाळकबाई म्हटलं, कारण गेल्या वर्षीपासून आपल्याकडे किंगा नावाची मुलगी पाळक म्हणून आली आहे. एकोणतीस वर्षांची. सायकलवरून फिरते. पहिल्या रविवारी मोझेशकाका म्हणाले की हिच्या वयाची माझी चप्पल आहे. मोझेशकाकाच अजून मंडळीचे कारभारी आहेत. आता ते तिच्याविरुद्ध कुणाला एक शब्द बोलू देत नाहीत.

दुसरी बातमी घंटेची. अमेरिकेतली जी मंडळी आपल्या मंडळीशी जोडलेली आहे, तिनं घंटेला यंत्र बसवून दिलं. ऑगस्टात दोन माणसं आली, चार दिवस मनोऱ्यात ठोकाठोक केली आणि गेली. आता पाळकबाईंच्या खोलीत एक बटण आहे. ते दाबलं की झालं. बाबा गेल्यापासून दोर माझ्या हातात होता. लोक म्हणतात आवाज तोच आहे. असेल.

मोझेशकाका म्हणाले, "बरं झालं, लेंके. आता तूही आमच्यासारखी खाली बाकावर बसून पेंगत जा." सगळे हसले, मीही हसले. पण खाली बसायचं मला जरा अवघड जातंय. ते जाऊ दे.

माझी तब्येत बरी आहे, गुडघा सोडला तर.

आणि त्या जुन्या गोष्टीबद्दल आता काही बोलू नये असं मला वाटतं. बर्फानं तारा पडल्या होत्या, फोन बंद होता, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तू मानलं नाहीस. अकरा वर्षं झाली.

पावाचं तेवढं कळव.

तुझी,
लेंके

&nbsp;

सेदेरपाताक, १ ऑक्टोबर २०१४

प्रिय शारिका,

तुझं उत्तर आलं नाही. पाळकबाईंनी मार्ग काढला. "बालिंतांच्या घरून, आईच्या आठवणीत," एवढंच वाचलं. कुणी मान वळवली नाही.

पाव मी शनिवारी भाजला. पिठात बटाटे घालून, आईसारखाच. भट्टीतून काढल्यावर वरचं काळं कवच काठीनं झोडपून काढताना गल्लीभर धपधप ऐकू गेलं असणार, कारण तीन बायका कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, आमच्या पाळीला मदतीला आलीस तेव्हा तू एवढा जोर लावला नव्हतास. चर्चमध्ये मक्याची कणसं, भोपळे, द्राक्षांचे घड मांडले होते. टेबलावर आईनं भरलेला रुमाल होता, तो लाल टाक्यांचा. पाळकबाई बोलल्या ते थोडंच, पण चांगलं. म्हणाल्या, झाड पान सोडतं तेव्हा आपण त्याला पानगळ म्हणतो, पण त्या देठाशी पुढच्या वर्षीची कळी आधीच तयार असते, जाऊन बघा. घरी येताना मी अक्रोडाच्या फांदीशी थांबून बघितलं. असते खरी.

पण मी तुला हे लिहायला बसलेली नाही.

आपल्याकडे टेबलापाशी आधी पुरुष जातात, म्हातारे पुढं, मग त्याच क्रमानं बायका. अर्धवर्तुळ करून उभे राहतात. आणि सगळं होईपर्यंत वर लहान घंटा वाजत राहते. ती मी वाजवायचे. म्हणून मी टेबलापाशी जाते की नाही, हे कुणी कधी पाहिलंच नाही. वर्षातून चार वेळा प्रभुभोजन, अकरा वर्षं. मी एकदाही गेले नाही, शारिका. ज्याच्याशी मन फाटलंय त्याच्याशी आधी मिटवून मग तिथं उभं राहायचं, हे आपल्याला आईनं शिकवलं. कुणी विचारत नाही, ज्याचं त्याला ठाऊक असतं. मला ठाऊक होतं, आणि माझ्या हातात दोर होता.

या रविवारी दोर नव्हता. घंटा आपली आपण वाजत होती. माझ्या बाकावरच्या बायका उठल्या, मीही उठले, आणि मधल्या वाटेवर आल्यावर मला खोकला आला. म्हणजे मी आणला. तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले ती शेवटचं गीत संपेपर्यंत आले नाही. माझ्याच हातचा पाव आत वाटला जात होता.

दुपारी मोझेशकाका आले. अंगणात उभे राहून म्हणाले, "एक्क्याऐंशी वर्षांचा आहे मी, लेंके. खोकला कसा असतो मला कळतं." आणि काठी टेकत निघून गेले.

काल मी आलुबुखाराचा मुरंबा घातला होता. सकाळपासून कढईशी उभी होते. पाळकबाई सायकल टेकवून आत आल्या, माझ्या हातातून उलथणं घेतलं आणि ढवळत बसल्या. तासभर काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं. विचारलं नाही म्हणून मीच बोलले. सगळं. ऐकून म्हणाल्या, "मावशी, हे मला कशाला सांगता? मी त्या घरात नव्हते. जिला सांगायचं तिचा पत्ता तुमच्याकडे आहे."

म्हणून सांगते. तारा पडल्या नव्हत्या. बर्फ पडला होता, पण तारा जाग्यावर होत्या. फोन चालू होता. सोमवारी सकाळीच डॉक्टर म्हणाले होते की दुसऱ्या मुलीला बोलवून घ्या. मी तुला बुधवारी फोन केला, आई गेल्यावर.

शनिवारी तू आलीस तेव्हा शवपेटी अंगणात होती. तू सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हणालीस, आणि मी म्हणाले की स्वीडनला गेल्यापासून तेरा वर्षं तुला सवड नव्हती, आता तीन दिवसांचं काय विचारतेस. तू खरं बोलत होतीस. मी नाही.

हे पत्र उद्या टाकते. आज टाकलं नाही तर टाकणारच नाही असं वाटून उठले होते, पण टपाल बंद झालं असेल.

लेंके

&nbsp;

सेदेरपाताक, १४ डिसेंबर २०१४

प्रिय शारिका,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तीनच ओळी, पण तुझं अक्षर. पोस्टमननं अंगणातूनच ओरडून सांगितलं की स्वीडनचं आहे. त्यामुळं आता गावाला माहीत आहे.

तू लिहिलंस, "फोन चालू होता हे मला त्याच दिवशी कळलं होतं, मोझेशकाकींनी सांगितलं. का केलंस ते मला ऐकायचं नाही. त्या तीन दिवसांत काय झालं ते लिही, सगळं."

पाच दिवस मी रोज बसते आणि उठते. आज बाहेर धुकं आहे. मंडळीतल्या बायका नाताळासाठी अक्रोड फोडायला जमल्या आहेत, मी डोकं दुखतंय म्हणून सांगून आले. आता लिहितेच.

सोमवार. डॉक्टर गेल्यावर आईनं पहिलं विचारलं, "शारिकाला कळवलंस?" मी म्हणाले, "हो, निघाली आहे." फोन तिच्या खोलीबाहेरच्या फडताळावर होता, तुला माहीत आहे. मी जाऊन त्यावर हात ठेवला होता. उचलला नाही. तू का नको म्हणालीस, तरी एवढं एक लिहू दे. नऊ वर्षं मी तिला उचललं, धुतलं, भरवलं. उन्हाळ्यात तू चॉकलेटं घेऊन यायचीस आणि आई केस विंचरून मागायची, कपडे बदलायला लावायची. तू असलीस की मी स्वयंपाकघरात. शेवटचे दिवस तरी माझे असावेत असं मला वाटलं. झालं, यापुढं का नाही.

सोमवारी ती चांगली होती. मक्याची उकड दुधात कालवून दिली ती चार घास खाल्ली. खिडकी उघडायला लावली. बाबांची टोपी कुठं आहे विचारलं. मी आणून दिली, ती तिनं उशाखाली ठेवली. तुझ्या लहानपणीचं सांगत बसली, तू हंसांना घाबरायचीस आणि शाळेला जाताना काठी घेऊन जायचीस ते. मग हसता हसता खोकला आला. दुपारी झोपली.

मंगळवारी ताप चढला. बसच्या वेळेला दर वेळी विचारायची, "आली का?" दिवसातून तीन बस. तिन्ही वेळा मी म्हणाले, "बर्फ आहे ना आई, उशीर होतोय." तिसऱ्या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं तिला कळलं. पण ती म्हणाली, "तिला गरम सूप ठेव. ती गारठून येईल." मी सूप केलं. खरंच केलं, शारिका. शेवया हातानं कापल्या. तुझ्यासाठी वाढून झाकून ठेवलं. कुणासाठी ठेवतेय ते मलाच कळत नव्हतं.

ते दिवस माझे झालेच नाहीत. तिन्ही दिवस ती तुझीच वाट बघत होती आणि मी तिच्या शेजारी बसून तिला वाट बघायला लावत होते.

बुधवारी सकाळी मी ठरवलं की आता फोन करायचा. चूल पेटवली, हात धुतले. आईनं हाक मारली. गेले तर तिचे डोळे उघडे होते, पण नजर माझ्यावर लागत नव्हती. हात चाचपत होती. मी हात दिला. ती म्हणाली, "शारिका?"

मी म्हणाले, "हो."

हे मी पाळकबाईंनाही सांगितलेलं नाही.

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "केव्हा आलीस?" मी म्हणाले, "आत्ताच." मी तुझा आवाज काढायचा प्रयत्नही केला नाही, तिला त्याची गरज नव्हती. मग ती जे बोलली ते तुझं आहे. अकरा वर्षं माझ्याकडे राहिलं, आता जसंच्या तसं लिहिते.

म्हणाली, "तू गेलीस त्या दिवशी मी फाटकापाशी आले नाही. तुला वाटलं असेल मी आत चुलीपाशी बसले आहे. मी आत नव्हते. कोठाराच्या मागं उभी होते. बस वळेपर्यंत बघत होते. तू मागं बघितलंस, फाटकाकडे. मी हात वर केला होता, पण तू फाटकाकडे बघत होतीस."

मग म्हणाली, "रागावले होते मी. पण बघत होते."

काय बोलणार होते, तुझ्या वतीनं? तिनं माझ्या, म्हणजे तुझ्या, बोटांवर थोपटलं. त्यानंतर तासाभरानं गेली. झोपेतच. दुपारच्या घंटेच्या आधी.

मी डोळे मिटले, हनुवटी बांधली, मनोऱ्यावर गेले आणि बाईसाठी वाजवतात तशी दोनदा थांबवून घंटा वाजवली. घरी येऊन तुला फोन केला. पुढचं तुला माहीत आहे.

एवढंच.

लेंके

&nbsp;

सेदेरपाताक, ११ जानेवारी २०१५

प्रिय शारिका,

मी उत्तर मागत नाही. पत्र पोचलं असेल ना, एवढंच मनात येतं. नाताळात टपालाचा घोळ असतो.

नाताळच्या प्रभुभोजनाला मी बाहेर गेले नाही. बाकावर बसून राहिले, सगळ्यांसमोर. बायका ओळीनं पुढं गेल्या. परत येताना मोझेशकाकींनी जाता जाता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

वर्षाच्या पहिल्या दिवशी पाळकबाईंनी मंडळीची नोंद वाचली. जन्म एक, मृत्यू सहा, लग्न नाही. आता आपण त्र्याण्णव. मोझेशकाका म्हणाले, "चौऱ्याण्णव. एक स्वीडनमध्ये आहे, तिनं अजून नाव काढलेलं नाही." पाळकबाईंनी वहीत बघितलं. खरंच तुझं नाव आहे. आकडा खोडून त्यांनी चौऱ्याण्णव केला.

बर्फ गुडघाभर आहे. सांभाळून राहा.

लेंके

&nbsp;

सेदेरपाताक, ६ एप्रिल २०१५

प्रिय शारिका,

शनिवारी तू फोन ठेवून दिलास. पुन्हा लावू का नको, दोन दिवस ठरेना. म्हणून लिहिते.

तुझा फोन आला तेव्हा मी ईस्टरची अंडी कांद्याच्या सालींत रंगवत होते. अनोळखी आकडा बघून मला वाटलं काहीतरी विकणारे असतील. अकरा वर्षांत तुझा आवाज जाड झालाय. आईसारखा झालाय. तू कशी आहेस, बरी आहेस, असलं काही बोललीच नाहीस, एकदम विचारलंस, "कोठाराच्या मागं म्हणजे कुठं?"

मी म्हणाले, मागं म्हणजे मागंच. तू म्हणालीस, "मागं गवताची गंजी असायची. तिथून रस्ता दिसत नाही. मला आठवतंय. ती तुला काहीतरी खोटं सांगून गेली, नाहीतर तू मला सांगतेस."

म्हणून मी फोन कानाला तसाच धरून, हात रंगलेले, अंगणातून निघाले. तुला दार वाजलेलं ऐकू आलं असेल. कोठाराला वळसा घातला. गंजीची जागा आता रिकामी आहे, पण तू म्हणतेस ते बरोबर, तिथून भिंत आडवी येते. मग मी आणखी पुढं गेले, जिथं कोपऱ्याला तो मोठा दगड आहे, पाणी अडवायला बाबांनी लावलेला. त्याच्यावर चढले. गुडघ्यानं ऐकलं कसं कोण जाणे.

तू म्हणालीस, "काय दिसतं?"

मी म्हणाले, "फाटक दिसत नाही."

"आणि वळण?"

"वळण दिसतं. पुलापर्यंत दिसतं. आता बस आली असती तर मला खिडकीतली माणसं ओळखता आली असती."

मला तुझा श्वास ऐकू येत होता. मी दगडावर उभी राहिले. खालून पाळकबाई सायकलवरून जात होत्या, त्यांनी हात केला, मी केला नाही, फोन हलून तुला हिसका बसेल असं वाटलं. मग तू फोन ठेवलास.

तू रागानं ठेवलास की कशानं, ते मला कळलं नाही. पण मला एवढं सांगायचं होतं की त्या दगडावर चढायला माझी ही अवस्था झाली, आणि तू गेलीस तेव्हा आई माझ्याहून फार लहान नव्हती. जानेवारीचा बर्फ होता. ती चढली होती.

आज सोमवार. मोझेशकाका सकाळीच अत्तराची बाटली घेऊन दारात, ईस्टरच्या सोमवारी पुरुषांनी बायकांवर शिंपडायचं असतं ना, म्हणून. म्हणाले, या वयात एवढंच उरलंय. अर्धी बाटली माझ्या डोक्यावर ओतली. घरभर वास सुटलाय.

अंडी चांगली झाली आहेत, लाल. खायला मात्र मी एकटी.

तुझी,
लेंके

&nbsp;

सेदेरपाताक, ७ जून २०१५

प्रिय शारिका,

तू सुखरूप पोचलीस हे फोनवर कळलं. तू म्हणालीस आता रविवारी फोन करत जाईन, मग पत्रं कशाला. पण काही गोष्टी मला फोनवर जमत नाहीत. पत्रात तोंड दिसत नाही.

पेंटेकॉस्टच्या सणाला तू इथं होतीस, तरी माझ्या बाजूनं काय झालं ते लिहिते.

शुक्रवारी तू आलीस तेव्हा मला तुझ्या गळ्यात पडायचं होतं, पण तू पिशवी पुढं केलीस, म्हणून मी पिशवी घेतली. शनिवारभर आपण दोघी घर झाडत होतो, जणू घर झाडायलाच तू अडीच हजार किलोमीटर आली होतीस. तू आईच्या खोलीत तासभर बसलीस. मी आत आले नाही. हे मला फार कठीण गेलं, पण आले नाही.

रविवारी आईच्या बाकावर बायकांनी सरकून तुला जागा दिली. कुणी विचारलं नाही, कुठं होतीस. मोझेशकाकी फक्त म्हणाल्या की केस कमी केलेस, शोभतात. वर चर्चच्या दारावर "देव एक आहे" हे वाक्य नव्यानं रंगवलंय, ते तू बघितलंस का? पाळकबाई आणि मोझेशकाका दोघांनी शिडीवर चढून रंगवलं. त्याच्यावरून दोघांचं भांडणही झालं, निळा कुठला घ्यायचा म्हणून.

बायकांची पाळी आली तेव्हा माझे पाय उठेनात. तू उठलीस. मधल्या वाटेवर थांबलीस, मागं न बघता. बाक रिकामा होत गेला आणि तू तशीच वाट अडवून उभी. मागच्या बायकांना पुढं जाता येईना. मग मला उठावंच लागलं. तू माझा हात धरला नाहीस, मी वाट बघत होते. आपण अर्धवर्तुळात शेजारी उभ्या राहिलो. घंटा वाजत होती. पाळकबाईंनी माझ्या तळहातावर पावाचा तुकडा ठेवला, तो तोंडात घातला आणि गिळवेना. गालात धरून उभी राहिले. पेला जवळ येत होता. तू ओठ न हलवता म्हणालीस, "चाव, लेंके."

मी चावला.

घरी आल्यावर मी सूप ढवळत तुला विचारलं की माफ केलंस का. तू म्हणालीस, "माफ केलं असं मी म्हणणार नाही."

मी म्हणाले, "मग?"

"मग काही नाही. कांदा चिर."

मी चिरला. त्या दिवशी दोघींचे डोळे कशानं वाहत होते, ते जाऊ दे.

आता खरं लिहायचं ते लिहिते. बसच्या थांब्यावर तू विचारलंस, "आई त्या सकाळी मला जे म्हणाली ते सगळं लिहिलंस ना?" मी हो म्हणाले. लगेच बस आली, म्हणून माझा चेहरा तुला दिसला नाही. सगळं लिहिलेलं नव्हतं. एक राहिलं होतं. विसरले नव्हते. डिसेंबरात लिहायला घेतलं होतं आणि तो कागद चुलीत टाकला.

कोठाराचं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "लेंके कुठं आहे?" मी म्हणाले, "बाहेर. लाकडं आणायला गेली." तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, मला ऐकू जाऊ नये म्हणून, "तो डेनेश. जंगलखात्यातला. लेंकेनं त्याला लग्नाला नाही म्हटलं ते माझ्यापायी. तिला वाटतं मला कळलं नाही. मला कळलं होतं. मी गप्प राहिले, कारण मला ती घरात हवी होती. माझं चुकलं. ती चांगली पोरगी आहे. तिच्यासारखं माझं कुणी केलं नाही. तिला तू सांग. तिच्या तोंडावर माझ्यानं होत नाही."

मी तिथंच होते, तिचा हात धरून. मला म्हणता आलं असतं की आई, मी लेंकेच आहे. म्हणाले नाही. म्हणाले असते तर तू आलेली नाहीस हे तिला कळलं असतं. मी म्हणाले, "सांगते." तुझ्या वतीनं.

तर तो निरोप तिनं तुझ्याकडे दिला होता, मला द्यायला. मी तो दाराआडून ऐकल्यासारखा ऐकला. चोरून ऐकलेलं आपलं होत नाही, निदान मला तरी ते आपलं वाटलं नाही. अकरा वर्षं ते शब्द मला पाठ आहेत आणि मला कुणी ते सांगितलेले नाहीत.

तू रविवारी फोन करशील तेव्हा मला सांगशील का? वर लिहिलंय तसंच, आईनं सांगितलं म्हणून. घाईनं नको. मी खुर्ची घेऊन बसलेली असेन. मध्ये बोलणार नाही. पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकेन.

तुझी,
लेंके